मावळतीचा गड

आमच्या गावात पश्चिमेला कुणी पश्चिम म्हणत नसे, ‘गडाकडे’ म्हणत. बैल गडाकडे बांध, गडाकडचं दार लाव, आज वारा गडाकडून सुटलाय. गाव बागलाणातलं, मोसम नदीच्या काठचं. अंगणात उभं राहिलं की समोर आधी सालोटा दिसायचा आणि त्याच्या खांद्यामागून साल्हेर डोकं वर काढून बघायचा. या दोन डोंगरांना मिळून गावात गड म्हणत. दिवसभर सूर्य कुठेही फिरो, संध्याकाळी तो गडामागेच उतरायचा.

दिवेलागणीला घरातला कर्ता पुरुष अंगणात येऊन गडाला हात जोडायचा. घरात नवं कुणी आलं, म्हणजे सून, तान्हं मूल, अगदी बैलजोडीसुद्धा, की त्याला अंगणात उभं करून गड दाखवायचे. लेक सासरी निघाली की बाप तिच्या मागे उभा राहून, तिच्या खांद्यावरून हात लांब करून म्हणायचा, ‘तो दख आपला गड.’ मग लेक रडायची आणि गाडीत बसायची. गड दाखवल्याशिवाय बिदाई नाही, असा आमच्या भाऊबंदांचा नियमच होता.

आमचे आप्पा लग्नाआधीच गाव सोडून सुरतेला आले. उधन्याच्या एका डाईंग मिलमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात लागले आणि तिथलेच झाले. सुरतेतल्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सूर्य कुठे बुडतो ते पाहिलं आणि तिकडे हात जोडले. सूर्य जिकडे मावळतो तिकडे गड, एवढं साधं ते होतं. त्यात विचार करण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. पुढे ते माझ्या आईला, मायला, लग्न करून घेऊन आले तेव्हा चाळीच्या गॅलरीत उभं करून तिलाही गड दाखवला. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला दाखवला, मला दाखवला. आमची गॅलरी बरोबर मावळतीकडे होती. समोर पत्र्याची छपरं, त्यांच्यापलीकडे मिलची धुराडी, आणि त्याही पलीकडे, दिसत नसला तरी, मगदल्ल्याकडचा समुद्र. पावसाळ्यात त्या बाजूला काळ्या ढगांची रांग उठायची. तिच्यात आप्पा बोट दाखवून मला सालोट्याचा खांदा शिकवायचे, आणि मला तो खरंच दिसायचा.

आमच्या चाळीत बागलाणातली आणखी तीन-चार घरं होती. तीही आप्पांच्या मागून आलेली, आप्पांनीच मिलमध्ये चिकटवलेली. संध्याकाळी पाळी सुटली की गॅलरीत ही माणसं हातपाय धुऊन ओळीनं उभी राहायची आणि नखांत लाल-निळा रंग भरलेले हात जोडायची. खालून जाणारे गुजराती लोक वर बघायचे. सूर्याला नमस्कार करतात म्हणून त्यांना कौतुकच वाटायचं. आप्पा खालच्या दुकानदाराला अभिमानानं सांगायचे, ‘सूरजदादा नहीं, हमारा गड है उधर.’ तो मान डोलवायचा. सुरतेच्या माणसाला डोंगराशी काय देणंघेणं?

गावी जाणं व्हायचं ते उधन्याहून रात्रीच्या गाडीनं. डोळे मिटेपर्यंत व्यारा, उघडेपर्यंत नंदुरबार. मग एसटीनं साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद. कुठून निघून कुठे वळून कुठे पोचलो याचा कुणालाच पत्ता नसायचा. उतरलो की गड आपला मावळतीला असायचाच. दोन्हीकडे मावळतीला गड, मग शंका यायची तरी कशी? आम्ही आख्खा डोंगर वळसा घालून ओलांडतो आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन राहतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

मी मराठी शाळेत होते, पण पुस्तकं गुजरात सरकारची, मराठीत छापलेली. भूगोलाच्या नकाशात गुजरात रंगीत आणि महाराष्ट्राच्या जागी कोरा कागद. नववीत असताना एकदा बाई सह्याद्री शिकवत होत्या. बाई नाशिककडच्या. पुस्तकात सह्याद्रीवर दोनच ओळी होत्या, त्या त्यांच्या जिवावर आल्या असणार. त्यांनी पुस्तक मिटलं आणि खडू घेतला. सह्याद्री म्हणजे भिंत आहे, त्या म्हणाल्या, तापीच्या दक्षिणेला सुरू होते आणि समुद्राच्या कडेकडेनं थेट केरळच्या खालपर्यंत जाते. पश्चिमेकडून कडा तुटलेला, पूर्वेकडे मात्र तिचे फाटे हळूहळू उतरत गेलेले, सेलबारी-डोलबारी, सातमाळा, पुढे हरिश्चंद्र-बालाघाट. सगळ्यांत उंच शिखर अनाईमुडी, ते केरळात. महाराष्ट्रात पहिलं कळसूबाई आणि दुसरं साल्हेर.

साल्हेर म्हटल्याबरोबर माझा हात आपोआप वर गेला. शाळेत इतकी वर्षं काढली, पण माझ्या ओळखीचं, माझ्या घरचं असं काही तिथे पहिल्यांदाच आलं होतं. ‘बाई, तो आमचा गड आहे. आम्ही रोज त्याला नमस्कार करतो.’ बाईंना बरं वाटलं. ‘ये, दाखव बघू,’ त्या म्हणाल्या. मी ताठ मानेनं भिंतीवरच्या नकाशापाशी गेले, सुरतेवर बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवलं. बोट निळ्या रंगात गेलं तरी मी थांबले नाही.

वर्ग हसायला लागला. मग बाईही हसल्या. वाईट नव्हत्या हो त्या, पण ते होतंच तसं. ‘अगं, समुद्रात गड आहे का तुमचा?’ मग त्यांनी माझं मनगट धरून बोट परत सुरतेवर आणलं आणि उजवीकडे नेलं. बारडोली, व्यारा, डांगची हिरवी टेकाडं, आणि मग छापलेला रंग संपून कोरा कागद. तिथे त्यांनी माझं बोट टेकवलं. ‘इथे. तुम्ही भिंतीच्या त्या बाजूनं या बाजूला आलात ना? म्हणजे गड आता उगवतीला, तुमच्या पाठीमागे.’

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुढे महिनाभर वर्गातली मुलं मला पाहिलं की खिडकीकडे वळून हात जोडायची. पण मला त्यांची लाज वाटली नाही तितकी आप्पांची वाटली. त्या संध्याकाळी मी गॅलरीच्या दारात उभी होते. आप्पा, आक्का, शेजारचे काका, सगळे ओळीनं समुद्राला हात जोडून उभे. त्यांचे डोळे मिटलेले आणि चेहरे इतके शांत, की मला ते बघवेना. आप्पा म्हणाले, ‘ये ना व पोरी.’ मी गेले, हात जोडले आणि डोळे उघडेच ठेवले.

सांगून का टाकलं नाही? काय सांगायचं ते मी खूपदा मनात घोकलं. पण एक अडचण होती, आणि ती तोंडातून काढायचीही मला लाज वाटे. आमची खोली एकच. गॅलरीच्या बरोबर उलट बाजूला, म्हणजे उगवतीला, मायची चूल होती. चूल कसली, स्टोव्हच, पण माय चूलच म्हणायची. त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती. आणि त्या भिंतीच्या पलीकडे चाळीच्या संडासांची रांग होती. खरा गड त्या बाजूला होता. आप्पांना मी काय सांगणार होते, की आप्पा, इकडे नको, संडासाकडे तोंड करून हात जोडा?

म्हणून मी गप्प राहिले, आणि रोज संध्याकाळी मान खाली घालून ओळीत उभी राहू लागले.

दोनेक वर्षांनी आक्काचं लग्न ठरलं. मुलगा सुरतेतलाच, साडीच्या मार्केटात कामाला, घरचे लोक जळगावकडचे. आप्पांनी एकच अट घातली, लग्न आमच्या गावात, आमच्या अंगणात. पाहुण्यांनी मान्य केली. माघ महिन्याची अखेर होती. सामान बरंच असल्यामुळे आप्पांनी यावेळी रेल्वे सोडून भाड्याची जीप केली. ड्रायव्हर म्हणाला, नंदुरबारचा फेरा कशाला, डांगमधून नेतो, आहव्यावरून घाट चढलो की थेट तुमच्या खोऱ्यात उतरतो. ते ऐकलं आणि मी आप्पांकडे बघितलं. रस्ता मला पाठ होता. बाईंनी माझं बोट त्याच रस्त्यानं नेलं होतं.

जीपमध्ये आम्ही चौघं आणि नवरदेवाचे मामा. मामा बँकेत कारकून होते, माणूस मोठा हसतमुख, आदल्या दिवशी जाऊन मंडपाची तयारी बघायला म्हणून आमच्याबरोबर निघाले होते. आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. त्यांच्या मांडीवर नारळ होता. निघतानाच त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं, गड पहिल्यांदा दिसेल तिथे गाडी थांबवायची. पोरीच्या हातून गडाला नारळ वाढवायचा आणि मगच पुढे जायचं. आजवर रेल्वेत ते कधी जमलं नव्हतं, या खेपेला जमणार म्हणून त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. टोपीसुद्धा नवी घातली होती.

अंधारातच सुरत सोडली. आहवा मागे टाकलं तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. साग उभे होते, पानगळ झालेले, आणि त्यांच्यामधून गार वारा येत होता. एका चढावर गाडी वळली आणि समोर, थेट समोर, एक प्रचंड डोंगर उभा राहिला. वर कातळाचा उघडा माथा, खाली सगळा अंधार, आणि त्याच्या मागून आभाळ तांबडं होत चाललेलं. मी त्याला असं कधीच पाहिलेलं नव्हतं, पण बघताक्षणी मला कळलं. मला नकाशानं सांगितलं होतं म्हणून कळलं, नाहीतर मलाही कळलं नसतं. मी आप्पांच्या पाठीकडे बघत राहिले. आता ते गाडी थांबवतील. आता म्हणतील.

आप्पांनी त्या डोंगराकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायला लागले. गड अजून यायचा होता त्यांचा.

सूर्य त्या डोंगराच्या पाठीतून वर आला. सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं. मामा म्हणाले, ‘व्वा, काय डोंगर आहे हो! कोणता म्हणायचा?’

‘असेल एखादा डांगचा,’ आप्पा म्हणाले.

वाटेत एका झोपडीवजा हॉटेलापाशी ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. डोंगर समोरच होता, पूर्ण आभाळ अडवून. आप्पा नारळ घेऊनच खाली उतरले. जीपमध्ये ठेवला आणि गडगडला तर, म्हणून. चहा उकळणाऱ्या बाईला मामांनी सहज विचारलं, बाई, या डोंगराचं नाव काय. ती म्हणाली, साल्हेर.

‘नही,’ आप्पा लगेच म्हणाले.

ती बाई हसली. म्हणाली, साल्हेरच आहे, दुसरा कुठला असणार. बाकड्यावर बसलेल्या दोघा माणसांनीही माना डोलावल्या.

‘हाऊ आपला गड नही,’ आप्पा आता आमच्याकडे वळून बोलायला लागले. आवाज चढला होता. ‘आपला गडना पुढे सालोटा शे. आठे कोठे शे सालोटा? दखाडा माले. आनि गडमांगे सूर्य बुडस, उगस नही. मी जलमथीन दखी ऱ्हायनू त्याले. माले नही समजाव का?’

सालोटा नव्हताच. सालोटा साल्हेरच्या त्या अंगाला उभा होता, गावाकडच्या. इथून तो पूर्ण झाकलेला होता. पण हे सांगणार कोण? मी कपबशीत तोंड खुपसून उभी होते. ड्रायव्हर म्हणाला, ‘काका, साल्हेर ही है. मैं तो महिने में दो बार आता हूँ.’ आणि मामांना हसू आवरेना. त्यांच्या मनात काही नव्हतं, थट्टेचं नातं होतं, नवीन नवीन सोयरीक. ‘काय हो व्याही,’ ते म्हणाले, ‘रोज हात जोडता म्हणे तुम्ही याला. अन् ओळख देत नाही! मग सुरतेत कोणाला जोडत होते हात? दर्याला?’

सगळे हसले. चहावाली हसली, ड्रायव्हर हसला, आक्काच्या तोंडूनसुद्धा फस्सकन हसू बाहेर पडलं आणि तिनं लगेच पदर तोंडावर धरला. हसली नाही ती फक्त माय. तिनं एकदा डोंगराकडे पाहिलं, मग उगवत्या सूर्याकडे, आणि मग आप्पांकडे.

आप्पांना कळायला किती वेळ लागला ते मी पाहिलं. त्यांनी मान वळवून आलो तो रस्ता बघितला, सुरतेकडचा. पुन्हा डोंगर बघितला. त्यांच्या डोक्यात ती सगळी गॅलरी उभी राहिली असणार, ती ओळ, ती शेजारची माणसं, खालचा दुकानदार. मग त्यांचा चेहरा असा काही उतरला, की मी तिथे नसते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. बापाला मुलीनं असं बघू नये. त्यांनी नारळ हळूच जीपच्या सीटवर ठेवला आणि पुढे न बसता मागे, सामानाजवळ, दरवाजाकडे तोंड करून बसले. ड्रायव्हरनं विचारलं, नारळ फोडायचा ना? मायच म्हणाली, ‘चाला आते, उशीर व्हई ऱ्हायना.’

घाट चढून आम्ही पलीकडे उतरलो. तासाभरात सालोटा पुढे आला, साल्हेर त्याच्या मागे गेला आणि गड पुन्हा आमच्या ओळखीचा झाला. आप्पांनी मान वर करून पाहिलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी छान झालं. मांडव भरला, जेवणं उठली, मामांनी कशात खोट काढली नाही. दर्याची थट्टा त्यांनी मांडवात चारचौघांना सांगितली, ती पंगतीतून फिरत फिरत आमच्या भाऊबंदांपर्यंत पोचली, आणि वाढायला उभ्या असलेल्या आप्पांच्या पाठीमागे माणसं हसायला लागली. आप्पा आमटीचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत राहिले. मी त्यांच्या मागून भात घेऊन जात होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

बिदाईची वेळ आली तेव्हा सूर्य गडाला टेकला होता. आक्का आणि नवरदेव अंगणात उभे राहिले. बायका रडायच्या तयारीत होत्या. आता आप्पांनी मागे येऊन उभं राहायचं आणि हात लांब करायचा. पण आप्पा नव्हते. हाका झाल्या, शोधाशोध झाली. आक्का गडाकडे तोंड करून ताटकळत उभी आणि तिच्या मागची जागा रिकामी. कुजबूज सुरू झाली.

मला ते घरामागच्या खळ्यात सापडले. कडब्याच्या गंजीला टेकून बसले होते, गडाकडे पाठ करून. टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

‘आप्पा, आक्का खोळंबलीय.’

‘तू जाय.’

‘आप्पा, सगळे वाट बघताहेत. गड दाखवायचाय.’

‘त्याले आते कोनतं तोंड दखाडू मी?’ ते म्हणाले. ‘लोक हासतंस, हासू दे. त्यानं काय नही. पन तो काय म्हनत व्हई? इतला वरीस मी त्याले पाठ दिन्ही, पोरी. रोज सांजले. हात जोडीसन पाठ दिन्ही.’

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तोवर मला भूगोलातलं बरंच येत होतं. मी म्हणाले, आप्पा, मोसमचं पाणी मालेगावला गिरणेत जातं, गिरणा खाली जाऊन तापीला मिळते आणि तापी सुरतेला येते. म्हणजे गडाचं पाणी आपण रोज पितो. आपला आणि त्याचा संबंध काही तुटला नाही. मला वाटलं, मी फार चांगलं बोलले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ‘तुले माहीत व्हतं,’ ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मी खाली बघितलं.

अंगणातून अचानक बायकांचा रडण्याचा आवाज आला. मी धावत पुढे गेले. आक्काच्या मागे माय उभी होती. तिचा हात आक्काच्या खांद्यावरून पुढे झालेला आणि बोट बरोबर साल्हेरच्या माथ्यावर. बाईनं गड दाखवल्याचं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या. मायनं कुणाकडे लक्ष दिलं नाही. तिनं तो जीपमधला नारळ मागवला, उंबऱ्यापुढच्या दगडावर एका घावात फोडला आणि आक्काला गाडीत बसवलं.

सुरतेला आम्ही रेल्वेनंच परतलो. आप्पा पाळीवर जायला लागले. संध्याकाळी शेजारचे काका गॅलरीतून हाक मारायचे, आप्पा, चला, दिवेलागण झाली. आप्पा म्हणायचे, आज अंग दुखतंय. उद्याही अंग दुखायचं. बाहेर ती माणसं समुद्राला हात जोडून उभी राहायची आणि आत आप्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसायचे. बाहेरच्या त्या माणसांनाही सांगायला हवं होतं. त्यांच्या बायकामुलांना आप्पांनीच गड दाखवलेला होता. पण आप्पा तोंड उघडत नव्हते, मीही उघडत नव्हते, आणि बाहेरची ओळ रोज चुकीच्या बाजूला उभी राहत होती. दाराच्या फटीतून ती दिसायची तेव्हा मी वही डोळ्यांपुढे धरायची.

होळी होऊन गेली. एका संध्याकाळी आप्पा पाळीवरून आले, मोरीत हातपाय धुतले, आणि बसायच्या ऐवजी खोलीच्या मधोमध उभे राहिले. माय स्टोव्हवर भाकरी भाजत होती. आप्पांनी गॅलरीकडे पाठ केली, मायच्या कोपऱ्याकडे तोंड केलं आणि हात जोडले.

मायनं वर पाहिलं. आपल्यासमोर नवरा हात जोडून उभा आहे एवढंच तिला दिसलं. तिच्या हातातली भाकरी थबकली. ‘वं माय! हाई काय लायं तुम्ही?’ ती घाईघाईनं पदर डोक्यावर ओढत म्हणाली. ‘मी काय देव शे का? पोरगी दखी ऱ्हायनी ना.’ आणि ती बाजूला सरायला लागली. पण तो कोपरा इतका अरुंद होता की सरायला जागाच नव्हती. भिंतीपलीकडे कुणीतरी बादली आपटली आणि नळ सोडला.

‘बठ तठेच,’ आप्पा म्हणाले. ‘गड तठेच शे. तुना मांगे.’

माय बसली. लाजेनं तिचा चेहरा तापला होता की स्टोव्हनं, सांगता येत नव्हतं. मी हिशेब करत होते. आप्पा जितकी वर्षं गॅलरीत समुद्राला हात जोडत होते, तितकी वर्षं ती याच जागी, त्यांच्या पाठीमागे बसून भाकऱ्या भाजत होती. आम्ही कुणीच कधी या बाजूला तोंड केलं नव्हतं. आक्कानं नाही, मीही नाही. तिलाही एकदा गॅलरीत उभं करून खोटा गड दाखवला होता, आणि तिनं तो मुकाट्यानं मानून घेतला होता.

मी उठले आणि आप्पांच्या शेजारी जाऊन हात जोडले. माय आम्हा दोघांकडे बघेना. तिनं मान खाली घातली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आप्पांचे हात बराच वेळ खाली आले नाहीत.

तव्यावरची भाकरी करपली. आप्पांनी ती मागून घेतली आणि पूर्ण खाल्ली.